दोनदा दिसलेला ठिपका

बंदराच्या नियंत्रण खोलीत तो एकोणीस वर्षं रडारच्या पडद्यासमोर बसला. मनोऱ्यावरचा अँटेना फिरत राहायचा, समुद्रावर रेडिओलहरी सोडायचा, त्या जहाजांवर आपटून परत यायच्या आणि पडद्यावर ठिपका उमटायचा. तो किती लांब आहे, कुठे निघालाय, किती वेगात, हे त्याला एका नजरेत कळायचं. घरात त्याचं नावच ‘ठिपके’ पडलं होतं. ते ठेवलं होतं भावोजींनी, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. भावोजी लाकडी होडीतून एकटेच मासे धरायला जात. “आमच्यासारखा फाटका माणूस तुझ्या पडद्यावर दिसतो तरी का रे?” असं विचारून स्वतःच हसत सुटत. लाकडावरून लहरी धड परतत नाहीत, डोलकाठीला पत्र्याचा परावर्तक लावून घ्या, असं त्याने दहादा सांगून पाहिलं. भावोजी ‘लावू की’ म्हणून विषय उडवून लावायचे.

त्या दुपारी धुकं इतकं दाटलं, की खिडकीतून खालचा धक्काही दिसेना. समुद्र खवळलेला होता. लाटांवरूनही लहरी परततात, त्यामुळे पडद्यावर मीठ सांडल्यासारखे ठिपकेच ठिपके झाले होते. त्यातच एक मालवाहू जहाज आत येत होतं आणि वाट मोकळी आहे का, म्हणून कप्तान वायरलेसवर पिच्छा पुरवत होता. लाटांचा गोंधळ पुसणारं एक बटण असतं. ते फार फिरवलं तर लहान होड्याही पुसल्या जातात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी त्याने ते फिरवलं. मग आणखी थोडं. जहाजाच्या वाटेत एक बारीक ठिपका उमटला, पुढच्या फेरीत पुन्हा उमटला आणि नाहीसा झाला. लाट असेल, असं मनाशी म्हणत त्याने वाट मोकळी असल्याचं कळवून टाकलं.

संध्याकाळी गस्तीच्या बोटीला होडीच्या फळ्या सापडल्या. भावोजी तिसऱ्या दिवशी सापडले. ओळख पटवायला बहिणीला तोच घेऊन गेला.

चौकशीच्या आधी साहेबांनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, की विचारतील तेवढ्यालाच उत्तर द्यायचं. बटण किती फिरवलं याची नोंद कुठेच राहत नव्हती. कोणी विचारलं नाही, त्यानेही तोंड उघडलं नाही. अहवाल आला: होडीवर परावर्तक नव्हता, मयताच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला.

पुढे दोन महिने तो बहिणीला टाळत राहिला. पडद्यावर बारीक ठिपका उमटला की तो पुढच्या चार-पाच फेऱ्या मोजत बसायचा. शेवटी एका सकाळी तो तिच्याकडे गेला. ती नवऱ्याचे कपडे आवरत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे ते दिसले होते तुला,” ती म्हणाली.

“दोनदा. मला लाट वाटली, ताई.”

तिने हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली. “लाट वाटली, तर वाटली. पण त्यांना निष्काळजी ठरवलं, तेव्हा तू तिथंच बसला होतास ना? आता मला सांगून मोकळा होऊ नकोस. जिथं गप्प बसलास, तिथं जाऊन सांग.”

त्याने जबाब लिहून दिला. साहेब संतापले, बरोबरच्यांनी बोलणं टाकलं. फाइल पुन्हा उघडली गेली. नव्या अहवालात परावर्तक नसल्याचा उल्लेख राहिला, पण दोष त्याच्या माथी आला. पडद्यावरून उठवून त्याला सुट्या भागांच्या कोठारात टाकलं.

अहवालाची प्रत घेऊन तो बहिणीकडे गेला. तिने दारातच ती शेवटच्या पानापर्यंत वाचली. भावोजींच्या नावापुढचा तो शब्द आता नव्हता. “बरं,” एवढंच म्हणून ती कागद घेऊन आत गेली. त्याला ये म्हणाली नाही. तो थोडा वेळ पायरीवर थांबला, मग निघाला. कोठार नऊला उघडायचं होतं.