गाडी उठवणारे उस्ताद

उस्तादांच्या घरी हिवाळ्यात चुलीवर तापलेलं पहिलं पाणी कधी माणसाच्या अंगावर पडलं नाही. ते त्यांच्या ट्रकच्या रेडिएटरमध्ये जायचं. रात्री उस्ताद रेडिएटरमधलं गार पाणी सोडून देत आणि सकाळी कढत पाणी ओतत, म्हणजे थंडीत इंजिन लवकर तापे. कनेरगाव नाक्याजवळच्या त्या तांड्यावर मी मास्तर म्हणून गेलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. पहिल्याच सकाळी काकू मला म्हणाल्या, "लगीन माझ्याशी लागलं गुरुजी, न्हाऊ मात्र तिला घालून राहिले." उस्तादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. या कामात त्यांचा हात धरणारा तांड्यावर दुसरा नव्हता.

गाडी 'चालू होते' असं ते म्हणत नसत. गाडी 'उठायची'. आणि ती उठायच्या आधी कुणी काही विचारायचं नाही, हा नियम. मी नवा होतो. "चालू होईल ना, उस्ताद?" असं बोलून गेलो, आणि नेमकी त्या दिवशी गाडी नुसतीच खोकली. तो अख्खा हिवाळा खापर माझ्या डोक्यावर. "मास्तर लोकायला इचारायची खोड असते," ते येईल-जाईल त्याला सांगत. "इचारलं की लाजते ती." पुढं अकरा हिवाळे मी त्यांच्या अंगणातून तोंडात ब्रश धरून मुकाट्यानं जात राहिलो.

सेल्फ मारायचा तो तीनदाच. "तीन बार बराबर. चौथा म्हंजी जुलूम." तिसऱ्यालाही नाही उठली, तर उस्ताद खाली उतरून चहाला बसत. गाडीत सोयाबीनची पोती भरलेली, शेतकऱ्याला हिंगोलीचा बाजार गाठायचा, तो जागच्या जागी चुळबुळतोय आणि हे बशीत फुंकर घालतायत. मग एकदाची गाडी उठे, काकूंच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर काळा धूर बसे, आणि पोरगं दहावी पास झाल्यासारखे उस्ताद आमच्याकडे बघत. लुगड्याबद्दल काकू जे बोलत, ते मी इथं लिहीत नाही.

पुढं त्यांना नीट दिसेना. मुलानं चावी फिरवली की निघणारी छोटी गाडी आणली आणि ट्रक विकायचं ठरवलं. उस्ताद हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. औंढ्याचा एकजण गाडी बघायला यायचा होता. आदल्या संध्याकाळी उस्तादांनी रेडिएटरचं पाणी सोडलं नाही. सकाळी चांगलाच गारठा होता, पण चुलीवरचं पहिलं पाणी त्यांनी चक्क स्वतःच्या अंगावर घेतलं. मी चकित झालो. ते हळूच म्हणाले, "अशा गारठ्यात उठत न्हाई ती. पावणा बघंल आन् जाईल माघारी." त्यांना गाडी जाऊ द्यायची नव्हती. खरं सांगायचं तर मलाही.

पाहुणा आला. उस्ताद ऐटीत वर चढले आणि सेल्फ मारला. पहिल्याच सेल्फला गाडी उठली. खोकला नाही, धूर नाही. पाहुण्याचा चेहरा खुलला. उस्ताद स्टेअरिंग धरून तसेच बसून राहिले. मी दारापाशी गेलो.

"म्हंजी," ते म्हणाले, "न्हाऊ न घालता बी उठत व्हती ती."

मला फार वाईट वाटलं. "उस्ताद, सेल्फ तर तुम्हीच मारलात," मी म्हणालो.

त्यांनी स्टेअरिंगवरून हात काढले. मग पाहुण्याला म्हणाले, "तुमाला एकदम जमनार न्हाई. चार दिवस मी येतो संगं." आणि ते शेजारच्या सीटवर सरकले. अंगावरच्या कपड्यांनिशी, घरातल्या चपला घालून ते गेले. काकू मागून हाका मारत राहिल्या.

चाराचे आठ दिवस झाले, तेव्हा ते एसटीनं परतले. काकूंनी पाणी दिलं, चहा दिला. उस्तादांनी बशी तशीच हातात धरून ठेवली.

"शिकला पावणा," ते म्हणाले. आणि बशी खाली ठेवत, "लई लवकर शिकला."