पोत्यावर लातूर

तुरीची साल काढणारे एमरीचे रोलर एकवीस. दाणे वर चढवणारे एलिव्हेटर सात. चाळण्या किती केल्या ते मोजायचं कधीच सोडून दिलं. डाळीतले खडे वेगळे करणारं मशीन एक, तेही ड्रॉइंग हातात नसताना, दुसऱ्याच्या मिलमध्ये एकदाच बघून आल्यावर. हे सगळं मी लातूरला माझ्या हातानं केलंय. जिल्हा नवा झाला त्या वर्षी आठवीतून शाळा सोडून वर्कशॉपला लागलो... आता लातूरला काही कमी पडणार नाही, असं तेव्हा जो तो म्हणत होता.

दुबईत येऊन मला अकरा वर्षं झाली. गेल्या शुक्रवारी गावाकडच्या दोन मित्रांना शहर दाखवायला बाहेर पडलो, त्या दिवसाबद्दल लिहितोय.

गौतम हिमायतनगरचा, शाळेत मास्तर आहे. दिवाळीची सुट्टी साधून आला. शिवाजी लातूरजवळच्या मुरुडचा, लातूरच्या एका डाळमिलमध्ये तेवीस वर्षं फोरमन. माझे निम्मे रोलर त्याच्याच हाताखाली फिरले.

मिल चार महिन्यांपासून बंद आहे. तूर पिकलीच नाही, आणि पिकली असती तरी साल सुटावी म्हणून भिजवायला पाणी कुठलं... शिवाजी म्हणायला फिरायला आला होता. पण पहिल्या दिवशी बॅग उघडली तर कपड्यांच्या आधी प्लास्टिकची फाईल निघाली. अनुभवाचा दाखला आणि त्याच्या तीन झेरॉक्स. मी तीन ठिकाणी शब्द टाकला, तिन्हीकडून नकार आला. व्हिसाचे सहा दिवस उरले होते.

सकाळी उंच टॉवर खालूनच बघितला. गौतमनं मजले मोजायला घेतले, चाळिसाव्याला चुकला, परत पहिल्यापासून. शिवाजीनं एकच विचारलं, "एवढ्या वर पाणी कसं चढवत्यात?" मी पंप, मधल्या मजल्यांवरच्या टाक्या, सगळं समजावलं. "आन् आपल्याकडं धरणातनं गावापत्तूर येईना," एवढंच म्हणाला.

दुपारी एक दिरहम देऊन होडीनं खाडी ओलांडली आणि जुन्या बाजारात गेलो. वेलदोडे, केशर, सुकं लिंबू... आणि एका दुकानापुढं तागाची पोती. त्यावर ठळक छापलेलं, 'लातूर तूर डाळ, एक नंबर'.

गौतम हरखला. मोबाईल काढून म्हणाला, "शिवाजी, हुभा ऱ्हा तिथं, गावाकडं फोटू पाठवू!" शिवाजी उभा राहिला, पण खिशातून परखी काढून त्यानं ती सरळ पोत्यात खुपसली. परखी म्हणजे पोत्यातून नमुना काढायची टोकदार लोखंडी नळी. लातूरच्या अडतीवर यात कुणाला काही वाटत नाही. इथं मात्र दुकानातली दोन माणसं ओरडतच धावली.

"काय करून राहिला तू!" गौतम घाबरला. "हे काय लातूरचा गंजगोलाई बाजार हाय का? पोलीस नेतील ना, येड्या!"

शिवाजीचं लक्षच नव्हतं. डाळ तळहातावर घेतली, फुंकर मारली, एक दाणा पुढच्या दातानं फोडला आणि माझ्याकडं वळला. "दिगू, ही आपली न्हाई. आफ्रिकेची तूर हाय. तेल लावून चमकवलीया."

तेवढ्यात दुकानाचा शेठही ओरडत बाहेर आला. पोत्याचे पैसे देतो म्हणून मी हात जोडले, आणि आम्ही कोण ते सांगितलं. त्याचा आवाज एकदम खाली आला. खुर्च्या आल्या, चहा आला.

"सही पकड़ा," शेठ शिवाजीला म्हणाला. "मगर इस साल लातूर में दाल है कहाँ, भाई? वहाँ तो पीने को पानी नहीं. बस, नाम बिकता है."

पाण्याचं तर तो खरंच बोलला होता...

मग तो मुद्द्यावर आला. अजमानला गोदाम घेतलंय, तिथं मिल टाकायची आहे. मशीन मी करायची, शिवाजीनं चालवायची, व्हिसा शेठचा. पोती मात्र हीच, छापील. कॅल्क्युलेटरवर आकडा मारून त्यानं माझ्याकडं वळवला.

मी म्हणालो, पोत्यावरचं लातूरचं नाव काढा, उद्यापासून कामाला लागतो. शेठ हसला. "नाम के बिना कौन लेगा?"

शिवाजीचा हात पिशवीतल्या फाईलवर होता. मी मराठीत विचारलं, "काय करू?"

तो पोत्याकडं बघत म्हणाला, "मशीन मी चालवीन रे, गरज हाय मला. पण माझ्याकडं बघून हो म्हणू नको... तिकडं रान भेगाळून पडलंय, आन् हितं मी त्याच्या नावानं दुसऱ्याचा दाणा भरायचा?"

मी शेठला नाही म्हणालो. शिवाजीनं तळहातावरची डाळ पोत्यात परत टाकली. परखीच्या टोकानं तागाचे दोरे सारून भोक बुजवलं, अडतीवर बुजवतात तसंच.

मेट्रोनं परत निघालो. स्टेशन आल्यावर शिवाजी म्हणाला, "न्हाई म्हणलास, बरं केलास." आणि जिना उतरताना, "पण घरी पाऊल टाकल्या टाकल्या बायको हेच इचारंल... तुमी का न्हाई म्हणलात."

काल दोघांना विमानतळावर सोडलं. मला इथं नोकरी आहे, नाही म्हणणं मला परवडलं. त्याला परवडत नव्हतं, तरी त्यानं माझ्या तोंडून हो येऊ दिलं नाही. या माणसाचे आभार कसे मानायचे मला कळत नाही, म्हणून निदान हिशेब चोख लिहून ठेवतो.

दोघांना मिळून महिन्याला अकरा हजार दिरहम, राहायला खोली, वर्षातून एकदा गावचं तिकीट. मी नाही म्हणालो.