ओवाळणीतला गिझर

माझ्यासमोर कुणी गॅसच्या गिझरचा विषय काढू नये. काढला की मी सुटते. गिझर न्हाणीच्या बाहेर टांगलाय ना, ज्योत निळी आहे की पिवळी, वर्षातून एकदा काजळी काढून घेता का, रबरी नळी कधी बदलली होती, वगैरे वगैरे. पाहुणी म्हणून कुठं गेले तरी आधी न्हाणीत डोकावून येते. आमचे हे म्हणतात, "हिला गॅसवाल्यांनी पगार द्यायला पाहिजे." सगळे हसतात. हसू देत. हे ज्ञान मला हौसेने आलेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदापुरात आमच्या अंगणात तेव्हा तांब्याचा बंब होता. त्यात कणसांची बुरकुंडं आणि तुराट्या घालायच्या, फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायचे आणि बादलीभर ऊन पाणी मिळालं की धन्य व्हायचं. त्या वर्षी भाऊबिजेला माझा धाकटा भाऊ माहेराहून, म्हणजे पणदऱ्याहून, मोटारसायकलवर मागं मोठं खोकं बांधून आला. तो कारखान्यात फिटर. ओवाळून झाल्यावर ताटात सुपारी ठेवून म्हणाला, "आक्का, औंदा साडी न्हाय. तुझी ओवाळणी भाइर ठिवलीया."

खोक्यात गॅसचा गिझर होता. आमच्या गल्लीतला पहिला. खोकं कोपऱ्यात चेपलेलं होतं आणि आत माहितीचं पुस्तक नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "पुस्तक कशाला? मी हाय की." अर्ध्या तासात त्याने न्हाणीतल्या भिंतीला भोकं पाडली, गिझर टांगला, दोन सेल घातले आणि नळ सोडला. टकटक झालं, भप्पकन जाळ पेटला आणि पाणी वाफाळत आलं. शेजारणी बघायला आल्या. मी तर हवेतच होते. सगळ्यांचे भाऊ साड्या देतात, माझ्या भावाने माझ्या डोळ्यांतला धूर बघितला, असं मी ज्याला त्याला सांगत सुटले.

आम्ही तशी निष्काळजी माणसं नव्हतो, बरं का. रात्री रेग्युलेटर बंद करायचा, महिन्यातून एकदा नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघायचं, सगळं नेमाने चालायचं. गॅस म्हणजे वास, आणि वास नाही म्हणजे भीती नाही, एवढं पक्कं डोक्यात बसलेलं. तेवढ्यात थंडी वाढली. न्हाणीच्या झरोक्यातून बोचरं वारं यायचं, म्हणून मीच त्यात गोणपाट कोंबलं. हो, मीच. ते मी कुणावर ढकलत नाही.

मार्गशीर्ष लागला. मी गुरुवारचे उपास धरायचे. पहिल्या गुरुवारी डोक्यावरून न्हाऊन बाहेर आले तर डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. दुसऱ्या गुरुवारी पूजा मांडता मांडता भिंत धरावी लागली. हे म्हणाले, उपास सोड. शेजारची म्हणाली, "रिकाम्या पोटी चक्कर येतीच की, बाई." मलाही पटलं. आमच्याकडं बाईला चक्कर आली की दोनच कारणं निघतात, उपास नाहीतर दिवस. मला दिवस नव्हते, म्हणजे उपासच.

पुढच्या रविवारी माझी मुलगी न्हायला गेली. दहा वर्षांची. दोन भाकरी दुधात चुरून, वर गूळ घालून खाल्ल्या होत्या तिने, म्हणजे उपासाचा प्रश्नच नव्हता. आत मोठमोठ्याने पाढे म्हणत होती. बाराचा चालू होता. मग पाढा थांबला आणि नुसता नळ वाहत राहिला. मी हाक मारली. परत मारली. यांनी खांद्याने धडका देऊन कडी तोडली. पोर फरशीवर आडवी, डोळे अर्धे उघडे, आणि वर भिंतीवर तो जाळ पेटलेलाच.

तिला तशीच चादरीत गुंडाळून अंगणात आणली. मोकळ्यावर आल्यावर थोड्या वेळाने ती ओकली आणि रडायला लागली. तिचं ते रडणं ऐकून मला जे वाटलं ते मला अजून सांगता येत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "न्हाणीत गॅसचा गिझर आहे का?" मग समजावून सांगितलं. बंद खोलीत जाळ पेटला की तो आतली हवा खातो, आणि हवा कमी पडली की विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. गिझर बाहेर टांगायचा आणि फक्त पाणी आत आणायचं. झरोका कधी बुजवायचा नाही.

घरी येऊन मी झरोक्यातलं गोणपाट उपसून काढलं, गिझर बंद केला आणि दुसऱ्या दिवशी पोरीला यांच्यापाशी ठेवून पणदऱ्याची वाट धरली. भावाशी भांडायला नव्हे. माझ्या मनात एकच होतं, त्यांच्याही घरी थंडीच आहे, त्यांच्याकडंही गिझर असेल तर? आई म्हातारी, दिवसभर घरात ती आणि भावजय दोघीच. फोन नव्हता त्यांच्याकडं, आणि माझंही दोन वर्षांत तिकडं जाणं झालं नव्हतं. बारामतीला एसटी बदलताना चहासुद्धा घेतला नाही.

अंगणात शिरले तर न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर गिझर टांगलेला. वर पत्र्याचं छप्पर, भिंतीतून आत गेलेला पाइप, सगळं कसं निगुतीने केलेलं. माझा जीव भांड्यात पडला. भावजयीला म्हटलं, "बरं झालं गं, बाहेर लावलाय. मी त्याच्यासाठीच पळत आले."

ती म्हणाली, "व्हय की, वन्सं. गेल्या थंडीत मी न्हाणीत पडले न्हवते का? तवापास्नं. ह्यांनी त्यो जुना काढला आन् ह्यो नवा भाइर टांगला."

"जुना कुठाय?" मी विचारलं.

तिने जीभ चावली आणि आईकडं बघितलं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. मला चेपलेलं खोकं आठवलं, नसलेलं पुस्तक आठवलं. तिथंच ओट्यावर बसले आणि पोरीचं सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढत गेला.

आई म्हणाली, "दिव्याम्होरं असलं अभद्र बोलत्यात व्हय? भाऊबिजेचा दिस."

"मग दिवा विझल्यावर बोलायचं! जेवताना बोलायचं. अर्धा तास तो भिंतीला भोकं पाडत होता, तेव्हा तोंडाला काय झालं होतं त्याच्या?"

मग भावजयच हळू आवाजात म्हणाली, "मी म्हनले व्हते, वन्संस्नी सांगा. तर आत्याबाई म्हनल्या, सांगितलं तर ती घ्यायची न्हाय."

विसरले असते तर मी माफ केलं असतं. माणूस विसरतो. पण या घरात माझा विचार झाला होता. बसून, बोलून, नीट विचार झाला होता, आणि तो असा झाला होता. ज्या वस्तूने सून पडली ती लेकीच्या घरी गेली, आणि मी तिला हळदीकुंकू लावून घेतली. कळलं असतं तर मी गिझर घेतलाच नसता, हे आईचं म्हणणं मात्र अगदी खरं होतं.

आई म्हणाली, जेवून जा. मी पिशवी उचलली. माहेरून न जेवता निघाले ती पहिलीच वेळ. स्टँडवर एसटीची वाट बघत उभी होते, तोवर भाऊ कारखान्यातून सुटून मोटारसायकलवर आला. घरी सगळं कळलेलं दिसत होतं. गाडी बंद न करताच म्हणाला, "आक्का, तू उगं डोस्क्यात राख घालू नगंस. मी तुला बंद पडलेला गिझर दिला न्हवता. चालू व्हता का न्हवता, सांग की."

खरंच विचारत होता तो. त्याच्या तोंडावर लाज नव्हती, राग होता. फिटर माणूस, चालू वस्तू दिली आणि तरी बहीण बोल लावते म्हणून तो दुखावला होता.

"गिझर चालू होता," मी म्हटलं. "माझी पोरगी बंद पडली होती."