मिस वर्नाने परत बोलावलेला माणूस

अटलांटाच्या विमानतळावर मिस वर्ना माझ्या शेजारच्या यंत्रावर उभी असायची. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई. घरी बसवेना म्हणून इथे आली. काम सोपं. आमच्या कंपनीकडे वर्षाचे पैसे भरलेल्या प्रवाशाने यंत्रात डोळे रोखायचे. ओळख पटली की आम्ही त्याला सुरक्षा तपासणीच्या लांबलचक रांगेला वळसा घालून थेट अधिकाऱ्यापुढे नेतो आणि सांगतो, "हे आमचे." मग त्याला ओळखपत्र कोणी विचारत नाही.

दर सोमवारी मिस्टर पेटिग्रू यायचे. त्यांचा गुडघा, त्यांच्या मुलीचं बाळंतपण, सगळं वर्नाला तोंडपाठ. त्या सोमवारीही ती गप्पा मारत त्यांना पोचवून आली, आणि यंत्राचा पडदा बघून जागीच थांबली. पडदा लाल होता. ओळख पटलीच नव्हती! ओळखीचं माणूस असलं की आम्ही पडद्याकडे बघत नाही. खोटं कशाला बोलू, मीही बघत नाही.

मी म्हटलं, गप्प बस, पेटिग्रूच होते ते, उगाच नोकरी घालवशील.

"आणि नसले तर? टोपी पार कपाळावर ओढलेली. मी मुलीचं विचारलं, तर नुसतं हसले रे."

पलीकडे विमानं भरत होती. वर्नाने फोन उचलला.

तपासणी बंद झाली. पोलीस धावले. कुठे ढकलगाडी आपटली तरी मी वळून बघायचो. वर्ना भिंतीला टेकून येशूचा धावा करत होती. अशी चाळीस मिनिटं गेली.

मग त्यांना आणलं. हातात बेड्या, पायात नुसते मोजे. पेटिग्रूच! आठवड्यापूर्वी मोतीबिंदू काढला होता, म्हणून यंत्राला डोळा ओळखता आला नाही. वर्ना रडत माफी मागायला पुढे झाली. ते तिच्याहून जास्त थरथरत होते.

"मिस वर्ना, तुम्ही तरी मला ओळखायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

तिची नोकरी राहिली. वर शाबासकीचं पत्रही आलं. पुढच्या सोमवारी पेटिग्रू साध्या रांगेत, शे-दीडशे माणसांच्या मागे उभे दिसले. वर्ना त्यांना आणायला निघाली. तिला येताना पाहून त्यांनी दोन्ही हात वर केले.