ताटातलं नाव
आज शेजारच्या घरातून पॉपकॉर्नचा खमंग वास आला आणि मला अमरावतीच्या त्या टॉकीजमधली दुपार आठवली. पडद्यावर आमच्यासारखंच गावाबाहेरच्या ले-आउटमधलं घर होतं, आणि त्यात एकमेकांना उबगलेले नवरा-बायको. शेवटी ती बॅग घेऊन निघून जाते आणि तो दारात बसून तिच्या नावानं हाका मारत रडतो. माझ्या शेजारी आमचे हे रुमालात नाक शिंकरत होते. बाहेर पडताना मला म्हणाले, "त्या माणसाले बायकोची कदरच नोती." मग गाडी काढायला पुढे गेले आणि पार्किंगच्या गर्दीतून नेहमीसारखे ओरडले, "अवं! कुठं राहिली वं?" आजूबाजूच्या चार-पाच बायका एकदम वळल्या. मी मुद्दाम तिथंच उभी राहिले. ह्यांनी पुन्हा "अवं!" केलं, मग हॉर्न वाजवला, नाव मात्र घेतलं नाही. गाडीवर मागे बसताना मी विचारलं, "माझं नाव काहून नाही घेत तुमी?" तर म्हणाले, "घरच्या बाईले नावानं कायले बोलवाचं?" आणि गाडी चालू केली. माझं माहेरचं नाव पुसून हे नवं नाव ह्यांनीच तर ठेवलं होतं, लग्नात, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून. आता कुकर लावताना वाटतं, ते तांदूळही त्याच संध्याकाळी कुणीतरी शिजवून वाढले असतील.