कुलूप लावून मालवणला

आमच्या पोलादपूरकडच्या वाड्यांमध्ये बाईला गाडीत बसायला कारण लागतं. लग्न, मयत, दवाखाना, नाहीतर मुंबईत कुणाचं तरी बाळंतपण. देवाला जाणार असेल तर कुणी अडवत नाही. पण "समुद्र बघायला जाते" म्हटलं, की ऐकणारा आधी तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, "बरी हाय ना गो?"

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर मी तेच सांगितलं. उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथल्या चारचौघांत सांगितलं. रेल्वेने रत्नागिरी, मग मालवण. किल्ले बघणार आणि समुद्र बघणार. देवाचं नाव मी मुद्दामच घेतलं नाही.

अडचण होती ती दिव्याची. मूळ घरात रोज तिन्हीसांजेला दिवा लागलाच पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. सगळं कुटुंब मुंबईला गेलं, तरी दिव्यासाठी एक माणूस मागे ठेवतात. शेजारणीला सांगून भागत नाही, घरच्याच माणसाचा हात लागतो. आमच्या घरात ते माणूस मी. नवरा होता तेव्हा निदान दोघं होतो, तो गेल्यावर ही माझी कायमची नेमणूक झाली. धाकटे दीर आणि जाऊ गणपतीला येतात, शिमग्याला येतात, घर किती छान ठेवलंय म्हणतात आणि तांदूळ घेऊन परत जातात. तो गेल्यापासून मी एक रात्र बाहेर काढलेली नव्हती.

दिरांना फोन केला. परवानगी मागितली नाही, कळवलं. ते आवाज न चढवता म्हणाले, "वहिनी, घर अंधारात ठेवायचं असेल, तर तुमचं तिथं काम काय?"

मला मूलबाळ नाही. माझं म्हणावं असं हे एवढंच घर. उद्या यांनी दुसऱ्या कुणाला आणून इथं बसवलं तर मी कुठं जायचं, ही भीती खरीच होती. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. मी महाडच्या बाजारात गेले आणि चांगलं दणकट कुलूप घेऊन आले.

सोबतीला तुडीलची मैत्रीण होती. तीही अंगणवाडीतलीच. नवरा सगळी उमर आखातात, त्याने बंदरांचे फोटो पाठवायचे आणि हिने ते सुनेला दाखवायचे. दारावरून सावित्री नदी समुद्राकडे जाते आणि ही काठावर उभी. "नदी रोज जाते, मी एकदा जाते," एवढं सांगून तिने घरच्यांना गप्प केलं होतं.

आणि मग आम्ही जे केलं, ते फक्त आमच्याकडचीच माणसं करतील. वीर स्टेशनवर आलो, गाडी आली, चढलो. खिडकी मिळाली म्हणून खूश होऊन डबा उघडला, भाकरी काढली, तर बाहेर माणगावच्या अलीकडच्या गोरेगाव रोडची पाटी. आम्ही मुंबईच्या गाडीत बसलो होतो. जन्मभर वीरवरून एकाच दिशेला गेलेले पाय, त्यांनी काही विचारलंच नाही. या रुळांवरून दक्षिणेलाही जाता येतं, हे डोक्याला माहीत होतं, पायांना नव्हतं.

माणगावला उतरलो. मैत्रीण बाकावर बसली आणि म्हणाली, "चल गो, घरी जाऊ. वरच्याच्या मनात नाय हाय." मी म्हटलं, वरच्याला एवढाच उद्योग नाही. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढची गाडी येईपर्यंत आम्ही सगळ्या भाकऱ्या संपवल्या. ती गाडी परत वीरला थांबली, तेव्हा मैत्रीण दाराकडे बघायला लागली. मी तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली आणि गाडी सुटेपर्यंत सोडली नाही.

रेल्वेतून समुद्र दिसतो असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. बोगदे दिसतात, खाड्या दिसतात, खाली खोल कुठंतरी माडांचे शेंडे दिसतात. समुद्रासाठी उतरून रिक्षा करावी लागते. रत्नागिरीला किल्ल्यावर वारा असा होता, की दोघींचे पदर जागेवर राहीनात. मैत्रीण कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, नवरा सांगतो त्याच्यापेक्षा मोठा आहे.

मालवणला होडीने सिंधुदुर्गात गेलो. भर समुद्रातल्या त्या किल्ल्यात अजून काही घरं नांदतात, हे मला माहीत नव्हतं. एका दारात म्हातारी आमसुलं विकत बसली होती. पावसाळ्यात कसं करता, असं मी विचारलं. होड्या बंद झाल्या की घराला कुलूप लावून मालवणात राहतो, म्हणाली. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आणि दिवा?"

म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं. "दिवो आमच्या वांगडा येता," ती म्हणाली. म्हणजे दिवा आमच्यासोबत येतो. चारी बाजूंनी लाटा खाणारी ती माणसं दर वर्षी घर बंद करतात आणि घर जागच्या जागी असतं. मला तिथंच पायरीवर बसून घ्यावंसं वाटलं, इतकं हलकं वाटलं.

वाडीत परतले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. दीर मुंबईहून येऊन पडवीत बसले होते, कुलपासमोर. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तीन दिवस घरात दिवा नव्हता."

"माझं इथं काम काय, म्हणून विचारलंत ना भावोजी," मी म्हटलं. "दिवा लावायला मी हितं ऱ्हात नाय. मी ऱ्हाते म्हणून दिवा लागतो. हे माझं घर हाय."

मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. तिन्हीसांज झाली होती, घरचं माणूस दारात हजर होतं. त्यांनी कुलूप उघडलं आणि आत गेले. मी पायरीवर बसून चपलेतली वाळू झाडायला लागले.

आत बराच वेळ डबे वाजले. मग अंधारातून त्यांचा आवाज आला, "वहिनी, वाती कुठं असतात?"

मी उठले नाही. बसल्या जागेवरून सांगितलं, "देवळीत, डाव्या हाताला. तेल संपत आलं असेल, उद्या आणा."