समोर आलेली चिठ्ठी

भांडुपमध्ये आजही मला कुणी माजी नगरसेविका म्हणून ओळखत नाही. भाजीवाली म्हणते, "तुम्ही केबलवर बातम्या वाचायच्या ना?" दोन वेळा निवडून आले, गटारं बांधून घेतली, रस्त्यांचे खड्डे बुजवून घेतले (ते परत पडले, तो भाग वेगळा), पण लोकांच्या डोक्यात मी बसलेय ती निळ्या पडद्यापुढे. पूर्वी याचा राग यायचा. आता भीती वाटते. मला मतं मिळाली ती त्या पडद्यामुळे, आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं खपलं तेही त्याच्याच जोरावर.

आमच्या भागात केबलवर मराठी बातम्या वाचणारी मी पहिली बाई. स्टुडिओ म्हणजे केबलवाल्याच्या दुकानावरचा पोटमाळा. पंख्याचा आवाज टेपवर यायचा म्हणून पंखा बंद, आणि पावडर घामाबरोबर गळ्यात उतरायची. वडिलांना हे बिलकूल पसंत नव्हतं. "एकटीने जायचं नाही," एवढंच ते म्हणाले. मग आईची मैत्रीण माझ्यासोबत यायला लागली. तिला मी मावशी म्हणते. टेकडीवर पत्र्याच्या घरात राहायची, शाळेत झाडलोट करायची. मला साडी नेसता यायची नाही, ती नेसवायची आणि मग कोपऱ्यात स्टुलावर बसून सगळ्या बातम्या ऐकायची.

बातम्या तरी कसल्या, उद्या कुठे पाणी येणार नाही, कुणाचं पोर हरवलं, कुठल्या शाळेचा निकाल चांगला लागला. पण मी "उद्या पाणी नाही" म्हटलं की टेकडीपासून स्टेशनपर्यंत बायका पिंपं भरून ठेवायच्या. दुसऱ्या कुणाला विचारायला जायच्या नाहीत.

केबलवाल्याचा एक नियम होता. वाचताना बाजूने चिठ्ठी सरकवली तर थांबायचं नाही, आठी घालायची नाही, त्याच आवाजात वाचून टाकायची. खरंखोटं बघायचं काम त्याचं, आणि तो चार फोन केल्याशिवाय चिठ्ठी सरकवायचा नाही. मी त्यात इतकी तयार झाले की चिठ्ठी आधी तोंडातून जायची आणि नंतर डोक्यात शिरायची. याचं मला कौतुक वाटायचं. कसलं कौतुक, डोंबल.

पुढे आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, पक्षाला ओळखीचा चेहरा हवा होता, आणि मी उभी राहिले. पहिल्या वेळी निवडून आले त्याच मुदतीत टेकडीचा प्रश्न आला. वरची संरक्षक भिंत फुगली होती. पावसाआधी घरं रिकामी करा, असा पालिकेचा हुकूम आला होता, आणि नुसत्या कागदावर माणसं हलायला तयार नव्हती. शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली. मी बोलणार होते ते एवढंच की भिंत धोक्याची आहे, सामान बांधा, पुढचं आपण बघू.

बोलायला सुरुवात केली तर मागून ओरडा झाला, "पुढचं म्हणजे कधी?" तेवढ्यात आमच्या पक्षाच्या मोठ्या साहेबांच्या माणसाने माईकपाशी चिठ्ठी सरकवली. मी वाचली. "टेकडीवरील सर्व कुटुंबांना याच विभागात, चालत जाण्याच्या अंतरावर, पर्यायी घरे मंजूर झाली आहेत." अर्ध्या वाक्यात मला कळलं की हे खोटं आहे. असं काही मंजूर व्हायचं तर बैठकीला मी असते. पण आवाज थांबला नाही. शेवटच्या शब्दावर जिथे उतरायला हवा तिथे तो व्यवस्थित उतरला. टाळ्या पडल्या.

सवयीनं घात केला, असं म्हणून मी इथे थांबू शकते. पण सभा संपल्यावर मावशी पुढे आली. "खरं ना गं? तू सांगितलंस म्हणून विचारते."

मी म्हटलं, "हो मावशी, खरं."

हे काही कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

आठ दिवसांत टेकडी रिकामी झाली. सगळ्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, कारखान्यांच्या धुराड्यांशेजारच्या इमारतींत खोल्या मिळाल्या. तात्पुरत्या, असं सांगितलं होतं, अजून तिथेच आहेत. आणि त्याच पावसात भिंत कोसळली. पंधरा-वीस घरं मातीखाली गेली, आत माणूस नव्हता. "जीव वाचवणारी ताई" असे माझे बॅनर लागले. दुसऱ्या निवडणुकीला मला फारसं फिरावंही लागलं नाही.

त्या कोसळलेल्या भिंतीनं मला अनेक वर्षं शांत झोप दिली. खोटं बोलले, पण माणसं जिवंत आहेत. खरं बोलले असते तर मावशी मातीखाली गेली असती. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की पुढे पुढे ते मला पाठ झालं. मावशीकडे जायचं मात्र टाळत राहिले. शाळेची नोकरी तिची सुटली, कारण रोज जायला-यायला चार तास लागायचे. हे कळलं होतं. खोकला जडला, तेही कळलं होतं.

गेल्या महिन्यात गेले. चौथा मजला, लिफ्ट बंद. मावशी खूप वाळलीय. तिनं चहा टाकला, आई गेली तेव्हा येता आलं नाही म्हणून वाईट वाटून घेतलं. मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. "मावशी, त्या सभेत घरांचं बोलले ते खोटं होतं. मला तेव्हाच माहीत होतं. पण तुम्ही निघाला नसता. भिंत पडली तेव्हा आत असता."

ती गॅसपाशी उभी होती. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"का नसते निघाले?" ती म्हणाली. "तू पाणी नाही म्हणायचीस तेव्हा मी कधी नळ उघडून बघितला का? नुसतं मावशी, निघा, असं म्हणाली असतीस तरी निघाले असते. भाच्याची कांजूरला खोली रिकामी होती. ये म्हणून मागे लागला होता. मी म्हटलं, कशाला, माझी पोरगी सांगतेय इथेच जवळ घर मिळणार. त्यानं मग दुसऱ्याला दिली."

कांजूरहून शाळा दहा मिनिटांवर आहे.

लोक माझ्या नुसत्या शब्दावर उठून आले असते, हे त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. एवढी वर्षं मी ज्याला जीव वाचवणं म्हणत आले, त्या खोट्याची गरजच नव्हती.